टीम मोठी झाली आणि सगळे गप्प झाले

प्रश्न : ताई, गोव्यात पर्वरीला माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दीड वर्षात ६ चे २२ झालो. पण आता प्रत्येक रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, लेट, मीटिंगमध्ये कोण तोंड उघडत नाही, आणि चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) तीन जुनी मुलं सोडून गेली. चवथीआधी रिलीजच्या घाईत सर्व्हरवर एक घोळ झालेला, तो सांगायला आलेल्या मुलाला मी सगळ्यांसमोर झापलं, हे खरंय. आता पगार वाढवू की अजून माणसं घेऊ?

उत्तर : माणसं तर आत्ता अजिबात घेऊ नका. मोठे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की लेट झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लेट होतो, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो आणि एकमेकांशी बोलून घेणंही वाढतं. तुमचंच बघा ना, ६ जणांत दोघादोघांच्या जोड्या १५ होतात, २२ जणांत २३१!

पगार कमी असेल तर द्याच, पण मुलं गप्प बसलीत ती पगारामुळे नाही असं मला वाटतं. त्या दिवशी बाकीच्या सगळ्यांनी काय पाह्यलं? चूक सांगितली की झापतात. मग पुढची चूक कोण सांगणार, ती लपते आणि रिलीजच्या आदल्या रात्री वर येते.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम पाहिल्या, तर चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघाली. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तिथं लोक न घाबरता सांगत होते म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये चूक जितकी उशिरा कळते तितकी ती निस्तरायला महाग पडते.

आणि चवथीच्या तोंडावर रिलीज का ठेवलात हो? घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, पाहुणे यायचे, आणि मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला. सॉफ्टवेअर कसं बनवावं यावरच्या २००१ च्या अजाइल जाहीरनाम्याच्या तत्त्वांतही कायम टिकेल अशाच वेगानं काम करा असं म्हटलंय. वर्षाची तारीखवार आखणी करताना चवथ, शिगमो, नाताळ आधी मांडा, मग क्लायंटला तारीख द्या.

सोमवारी त्या मुलाची माफी मागा, सगळ्यांसमोर, कारण ओरडलातही सगळ्यांसमोरच. मग काय अडतंय ते विचारा. पहिला जो बोलेल त्याला मधेच तोडू नका, खुलासाही देत बसू नका, नुसतं लिहून घ्या आणि आठवड्याभरात त्यातलं एक तरी काम करून दाखवा.