हप्ता थकला, की बैठक चुकली?

बचत गटांसाठी असलेल्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्या भगिनींची, त्यांच्या गावांची आणि गटांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण गटातली गोष्ट एकदा गावभर झाली की तिचा निकाल गटाच्या हातात राहत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन ही पंचसूत्री बहुतेक वाचकांना तोंडपाठ आहे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तिला आरोग्य, शिक्षण, पंचायत राज संस्थांतील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ आणि शाश्वत उपजीविका ही आणखी पाच सूत्रे जोडली गेली आणि तिची दशसूत्री झाली. ही सूत्रे प्रशिक्षणात म्हणून दाखवणे सोपे असते. भांडण दारात आल्यावर ती आठवणे मात्र अवघड जाते.

प्रश्न : मी समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे गावातल्या गटांना मार्गदर्शन करणारी कार्यकर्ती, म्हणून काम करते. माझ्याकडील एका बारा जणींच्या गटाला नऊ वर्षे झाली असून दरमहा १०० रुपये बचत आहे. एका सभासदाने १५,००० रुपये अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्याच निधीतून, दरमहा दोन टक्के व्याजाने घेतले आणि मुद्दलाचे १,५०० रुपयांचे तीन हप्ते व्याजासह भरले. त्यानंतर तिच्या नवऱ्याचा टेंपोच्या अपघातात पाय मोडला आणि चार महिने तिच्याकडून कर्जाचे काहीच आलेले नाही. ती आता कोणाच्या समोरही येत नाही. दोघी म्हणतात की तिच्या शेळ्या आणून बांधाव्यात. बाकीच्या म्हणतात की तिची बचत कर्जात वळती करून तिला गटातून कमी करावे, हिशेब जवळजवळ बरोबर बसतो. गटाने घेतलेल्या बँक कर्जाचा हप्ताही जवळ आला आहे. बैठका होळीपासून नीट होत नाहीत, बायका मुलांच्या हाती पैसे कोषाध्यक्षांकडे पाठवतात. मी काय निर्णय द्यावा?

उत्तर : ताई, आपण कोणताही निर्णय देऊ नये, ही माझी पहिली विनंती आहे. आपण आज निवाडा केला तर पुढच्या प्रत्येक भांडणात गट आपल्याकडे पाहील, आणि निवाडा ज्यांना पटणार नाही त्या आपल्यावर रुसून घरी बसतील. आपले काम सूत्र समोर ठेवून प्रश्न विचारण्याचे आहे. उत्तर बारा जणींनी द्यायचे आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा की यात आधी कोणते सूत्र मोडले. सगळ्यांचे बोट परतफेडीकडे आहे, परंतु आपल्याच पत्रातील शेवटून दुसरे वाक्य सांगते की हप्ता थकण्यापूर्वीच बैठक थांबली होती. बैठक भरत असती तर पहिला हप्ता चुकला त्याच दिवशी शेजारी बसलेल्या बाईने “का गं, काय झालं?” असे विचारले असते आणि अपघाताची गोष्ट सतरंजीवरच कळली असती. चार महिन्यांनी विचारला जाणारा प्रश्न “पैसे कधी देतेस?” हा असतो, आणि त्याला घाबरून माणूस तोंड लपवतो. यात एकट्या तिची चूक नाही. मुलाच्या हाती पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकीचा त्यात वाटा आहे, आणि हे बैठकीत कोणीतरी स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

बैठकीचे निमंत्रण द्यायला तिच्या घरी दोघींनी जावे आणि त्या दोघी शेळ्यांचा विषय काढणाऱ्या नसाव्यात. त्या वेळी पैशाचे बोलणे काढू नये, नवऱ्याची विचारपूस करावी. त्याचा उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होता का, कोणी चौकशी केली होती का, हेही तेथेच विचारावे. आरोग्य आणि शासकीय योजना ही दशसूत्रीतली सूत्रे अशाच दिवसांसाठी आहेत. दुसरी एक गोष्ट हळूच काढून घ्यावी लागेल. अशा घरांत अनेकदा खाजगी वित्त कंपनीचेही कर्ज असते. त्या कंपनीचा वसुली करणारा माणूस दर आठवड्याला दारात उभा राहतो म्हणून त्याचे पैसे आधी जातात, आणि गट आपला म्हणून गटाचे मागे राहतात. मागच्या अनेक वर्षांत मी पाहिले आहे की ही गोष्ट पहिल्या भेटीत कोणीही सांगत नाही. तिला वेळ द्यावा.

आता हिशेबाकडे येऊ. मुद्दल १०,५०० रुपये शिल्लक आहे, त्यावर महिन्याला २१० रुपयांप्रमाणे चार महिन्यांचे व्याज ८४० रुपये होते, म्हणजे येणे ११,३४० रुपये. नऊ वर्षांची तिची बचत १०,८०० रुपये. वरवर पाहता ५४० रुपयांचाच फरक राहतो, म्हणून वजाबाकी करून मोकळे होण्याचा मोह होतो. पण या नऊ वर्षांत गटाने अंतर्गत कर्जावर जे व्याज मिळवले, त्यात बाराव्या हिश्श्याची मालकीण तीही आहे; तो हिस्सा धरला तर कदाचित गटच तिचे देणे लागत असेल. हा आकडा काढून बैठकीत मोठ्याने वाचावा. त्यानंतर तिला कमी करण्याचा आग्रह किती जणी धरतात ते पाहावे. नऊ वर्षे दरमहा न चुकता १०० रुपये टाकलेल्या बाईला चार महिन्यांच्या संकटात बाहेर काढणारा गट उरलेल्या अकरा जणींनाही तेच सांगत असतो, की तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही बाहेर.

शेळ्यांच्या बाबतीत मी मोघम लिहिणार नाही. कोणाच्या दारातील जनावर सोडून आणण्याचा अधिकार कोणत्याही गटाला नाही, आणि नवरा अंथरुणाला खिळलेला असताना त्या शेळ्याच त्या घराचे पोट आहेत. उपजीविका वाढवण्याचे सूत्र म्हणणाऱ्या गटाने ती उपजीविका दावणीतून सोडून नेऊ नये.

गटाला पटल्यास परतफेडीची नवी घडी बसवता येते. उदाहरणार्थ, पहिले तीन महिने तिने चालू व्याजाचे २१० रुपयेच द्यावेत आणि पुढे मुद्दल महिन्याला ७०० रुपयांप्रमाणे पंधरा हप्त्यांत फेडावे. मुद्दल उतरेल तसे व्याजही उतरत जाईल. थकलेले ८४० रुपये व्याज गटाने माफ करू नये असे माझे मत आहे, कारण ते इतर अकरा जणींच्या बचतीचे उत्पन्न आहे आणि सवलत आज एकीला दिली की उद्या ती हक्क बनते. ते शेवटच्या महिन्यांत घ्यावे. उशिराचा दंड मात्र माफ करावा, कारण दंड हा निष्काळजीपणासाठी असतो. जे ठरेल ते ठराव म्हणून इतिवृत्तात लिहून, वाचून, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि तिलाही प्रत द्यावी.

बँकेचा हप्ता कोणत्याही परिस्थितीत थांबू देऊ नये. कमी पडणारी रक्कम गटाने त्या महिन्यापुरती स्वतःच्या निधीतून, ठराव करून भरावी. खाते थकले तर वेळेवर फेडणाऱ्या गटाला मिळणाऱ्या व्याज सवलतीवर पाणी सोडावे लागते आणि पुढचे कर्ज अडते, आणि मग सगळ्यांचा राग पुन्हा त्याच एका घरावर निघतो.

प्रश्न : आमच्या गटाची हिशेबाची सर्व पुस्तके गेले आठ महिने सचिवांच्या घरी आहेत. त्यांची मुलगी शिकलेली आहे, ती घरीच लिहून ठेवते. कोणी विचारले की “माझ्यावर विश्वास नाही का?” असे सचिव म्हणतात आणि सगळ्या गप्प होतात. त्या वाईट नाहीत. आम्ही संबंध न बिघडवता काय करावे?

उत्तर : विश्वासाचा आणि पुस्तकाचा संबंध आपल्या सचिवांनी उलटा लावला आहे, आणि तो बहुतेक गावांत तसाच लावला जातो. पुस्तक सर्वांसमोर लिहिले जाते ते लिहिणाऱ्या बाईच्या संरक्षणासाठी. उद्या ५०० रुपयांचा मेळ लागला नाही तर आठ महिने एकटीच्या घरी असलेल्या पुस्तकांचा दोष त्यांच्यावर आणि त्या निष्पाप मुलीवर येईल. हे त्यांना एकांतात, त्यांच्या बाजूने उभे राहून सांगावे.

नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प ५०० गटांपुरता सुरू केला, तेव्हा नोंदणी नसलेल्या, तारण देऊ न शकणाऱ्या बायकांना बँक कर्ज का देईल, हा प्रश्न होताच. त्या बायकांनी दाखवलेले तारण म्हणजे नियमितपणा, आणि नियमितपणाचा पुरावा म्हणजे ही पुस्तके. आजही बँक कर्ज देण्याआधी किमान सहा महिन्यांचा व्यवहार पाहते तो याच पानांवर. ती पाने आपल्यापैकी कोणी आठ महिन्यांत उघडली नसतील तर गट आपल्या एकमेव तारणाकडे पाठ करून बसला आहे.

पुढच्या बैठकीत पुस्तके, रोख पेटी आणि बँकेचे पासबुक सतरंजीवर मांडावे, असे अध्यक्षांनी सांगावे. मुलीने लिहायला हरकत नाही, पण तिने बैठकीत बसून लिहावे आणि प्रत्येकीचा आकडा मोठ्याने वाचावा, म्हणजे अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपली बचत कानाने तपासता येते. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवण्याची जुनी रीत आजही चांगली आहे. आठ महिन्यांच्या नोंदी एका दिवसात तपासून होणार नाहीत. त्यासाठी ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, लेखापाल ताई मागवाव्यात. पदाधिकारी आळीपाळीने बदलण्याचा नियम आपल्या गटाने कधी केलाच नसेल तर तो आता करावा, पण याच बैठकीत करू नये. तो सचिवांना शिक्षा वाटेल. हिशेब जुळल्यानंतरच्या बैठकीत करावा.

प्रश्न : मी अकरा जणींच्या गटाची अध्यक्ष आहे. आमची बैठक आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी होते. गेल्या महिन्यात ती बौद्ध वस्तीतील भगिनीकडे होती. पाच जणी आल्या नाहीत, कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाकडे पाहुणे होते. पैसे मात्र सर्वांचे आले. आता त्याच म्हणत आहेत की बैठक कायमची देवळाच्या सभामंडपात घ्यावी, म्हणजे कोणाला त्रास नाही. त्या भगिनी काही बोलल्या नाहीत. परवाच्या बैठकीत त्यांनी बचत भरली, पण चहा घेतला नाही.

उत्तर : अध्यक्षताई, आपण त्या चहाच्या कपाची नोंद घेतली, यासाठी मी आपली आभारी आहे. या प्रसंगात सर्वांत स्पष्ट बोलणे त्या न घेतलेल्या चहानेच केले आहे. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर जो प्रश्न पाण्याच्या रूपाने उभा राहिला, तो आपल्या सतरंजीवर येऊन बसला आहे. त्याला गुडघेदुखीचे नाव देऊन पुढे जाता येणार नाही.

सभामंडपाचा प्रस्ताव सोयीचा दिसतो, पण तो मान्य करू नये. त्याने पाच जणींची अडचण सुटते आणि सहाव्या बाईची वाढते, कारण त्या मंडपात अकराही जणी सारख्याच मोकळेपणाने बसतात का, हे कोणी विचारलेले नाही. अंगणवाडीत बैठक नेली तरी आज ती त्या एका उंबऱ्याला टाळण्यासाठीच नेलेली असेल आणि हे सर्वांना ठाऊक असेल.

सूत्र ‘नियमित बैठक’ एवढेच म्हणते, पण त्याचा अर्थ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, सर्वांनी असा आहे. घरी राहून पैसे पाठवणे ही हजेरी होत नाही. आपल्या गटात गैरहजेरीचा दंड असेलच. तो पाचही जणींना, इतर कोणत्याही महिन्यात लावला असता तेवढाच, कोणतेही व्याख्यान न देता लावावा आणि इतिवृत्तात लिहावा. गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी किती जणी हजर होत्या, ते हजेरी पुस्तकातून वाचून दाखवावे. आकडे वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणीही बोलले नाही तरी ती शांतता आपण मोडू नये. आरोप केला तर पाचही जणी उत्तर देऊन मोकळ्या होतील. वाचलेल्या आकड्याला उत्तर सापडत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. पुढची बैठक पुन्हा त्याच भगिनीकडे ठरवण्याआधी त्यांना एकट्याला भेटून त्यांची इच्छा विचारावी. गटाला आपला चांगुलपणा सिद्ध करायचा आहे म्हणून त्यांनी पुन्हा घर झाडून, दूध आणून वाट पाहत बसावे, असे आपण गृहीत धरू नये. त्या नको म्हणाल्या तर त्यांच्या शब्दाचा मान ठेवावा आणि वस्तीतील समाजमंदिरात बैठक घ्यावी का, हे त्यांनाच विचारावे. त्या हो म्हणाल्या तर अकरा महिने पाळी येण्याची वाट न पाहता पुढच्याच महिन्यात घ्यावी, आणि आपण स्वतः वेळेआधी जाऊन चुलीजवळ बसावे.

प्रश्न : आमच्या गटाला पाच वर्षे झाली, महिना १०० रुपये बचत आहे, सभासद अकरा. एक नवी बाई येऊ इच्छिते. काही जणी म्हणतात तिने आधी ६,००० रुपये भरून आमच्या बरोबरीला यावे. हे योग्य आहे का?

उत्तर : भरणे जमत असेल आणि तिची तयारी असेल तर चूक नाही, पण सक्ती करू नये, जिच्याकडे एकरकमी ६,००० रुपये नाहीत तिच्यासाठीच गट असतो. तिने १०० रुपयांपासून सुरुवात करावी, तिच्या पासबुकावर प्रवेशाची तारीख ठळक लिहावी आणि व्याजाच्या उत्पन्नातील तिचा हिस्सा त्या तारखेपासून धरावा, असा ठराव करावा. नोंदणी नसलेल्या गटात सभासद वीसच्या वर जाता कामा नयेत, आपल्याकडे ती अडचण नाही. सही घेण्यापूर्वी तिला दोन बैठकांना नुसते येऊन बसू द्यावे, म्हणजे ती गटाला पाहील आणि गट तिला.