सावद्याच्या केळी वजनपावतीच्या विनफॉर्म्स (डॉटनेटमध्ये विंडोजच्या स्क्रीन बनवायची सोय) प्रोग्रामात दुपारनंतर 'एरर क्रिएटिंग विंडो हँडल' का येते?

प्रत्येक नव्या गाडीला तुम्ही पॅनेलवर 'कंट्रोल्स.क्लिअर' करून नवे टेक्स्टबॉक्स बनवता, पण क्लिअरने जुने फक्त पॅनेलवरून निघतात, नष्ट होत नाहीत. त्यांचे हँडल (विंडोजने प्रत्येक कंट्रोलला दिलेली ओळख) एका अदृश्य पार्किंग विंडोत पडून राहतात. विंडोज एका प्रोग्रामला साधारण 10,000 यूझर ऑब्जेक्ट (विंडो, बटण, बॉक्स अशा गोष्टी) देते. लेबलं धरून पावतीला 40 कंट्रोल असतील तर अडीचशे गाड्यांत कोटा संपला! टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'यूझर ऑब्जेक्ट्स' कॉलम लावा, आकडा चढताना दिसेल.

क्लिअरच्या जागी असं करा: 'पॅनेल.कंट्रोल्स.काउंट' शून्याहून जास्त आहे तोवर व्हाइल लूपमध्ये 'पॅनेल.कंट्रोल्स[0].डिस्पोज()', म्हणजे कंट्रोल हँडलसकट नष्ट होतो. इथे फॉरईच अजिबात नको. डिस्पोज होताच कंट्रोल यादीतून गळतो, मागचे पुढे सरकतात आणि एकाआड एक बॉक्स तसाच राहतो.

मात्र पुसणारं बटण त्याच पॅनेलवर असेल तर हा लूप 'बिगिनइन्व्होक'मधून, म्हणजे चालू क्लिक संपल्यावर, चालवा, नाहीतर बटण स्वतःच्याच क्लिकमध्ये डिस्पोज होतं. खरं तर दर गाडीला रकाने तेच असतील तर कंट्रोल एकदाच बनवून फक्त मजकूर बदलणं सगळ्यात बरं.