'पहिलवान'मध्ये 'पहिला' शोधू नका

प्रश्न असा आलाय की तुर्कस्तानात अंगाला तेल लावून कुस्ती खेळणाऱ्याला 'पेहलिवान' म्हणतात, तर हा शब्द आपल्या 'पहिलवान'वरून तिकडे गेला का, कारण पहिलवान म्हणजे 'जो पहिला येतो तो'.

नाही हो! हे 'पहिला येतो तो' ऐकून ऐकून कान किटले, जत्रेतल्या फडावर माईक हातात आला की हमखास कुणीतरी सांगतंच. शब्द फारसी आहे, पहलवान, तिथूनच तुर्कांनी घेतला आणि आपणही. तो 'पह्लव' अधिक 'आन' असा फुटतो, आणि पह्लव म्हणजे महाभारतात येतात तेच, प्राचीन इराणातले पार्थियन लोक. काही जाणकार याला 'गाडीवान'च्या रांगेत बसवतात, त्यांना माझा साधा सवाल, गाडीवानातून वान काढला तर गाडी उरते, इथे 'पहल' उरतो तो कोण? तोडायची जागाच चुकलीय.

पण खरी गंमत पुढेच आहे. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात किर्कपिनारची कुस्ती होते (2010 पासून युनेस्कोच्या यादीत आहे), तिथे जाझगिर नावाचा पुकारा करणारा जोड्यांची ओळख करून देतो, मग ढोल-झुर्ना वाजायला लागतात आणि चामड्याची विजार म्हणजे किस्पेत घातलेले, ऑलिव्ह तेलाने निथळणारे गडी हात झुलवत गवतावर पुढे येतात, डावा गुडघा टेकतात, उजवा हात जमिनीला लावून मग गुडघ्याला, ओठांना, कपाळाला लावतात. आपला गडी आखाड्याची माती कपाळाला लावतो ना, अगदी तसं. ह्या सगळ्याला म्हणतात 'पेशरेव'. फारसीत पेश म्हणजे पुढे, रव म्हणजे जाणारा. आणि हा 'पेश' मराठी माणसाला नवा आहे का? पेशवा! सगळ्यांच्या पुढचा तो पेशवा. पेशगी म्हणजे पुढे दिलेले पैसे, तोच पेश. उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या संगीतात मैफलीच्या सुरुवातीला वाजतो त्या वाद्यरचनेलाही पेशरेवच म्हणतात. म्हणजे शनिवारवाडा आणि एदिर्नेचं गवत एका शब्दाने जोडलंय, आणि लोक अजून 'पहिला'तच अडकलेत.

कुणी म्हणेल मग कुस्तीचं काय, तर तुर्कांनी तो शब्द घेतलाच नाही, त्यांचा स्वतःचा 'ग्युरेश' आहे, खेळ घरचा आणि खेळणाऱ्याचं नाव फारसी. आपण मात्र मल्लयुद्ध हाताशी असताना कुस्ती आणि पहिलवान दोन्ही फारसीतून घेतले. आणि हो, 'पैलवान' लिहिलंत तरी चालतं, बोलताना आपण तेच म्हणतो.