एवढ्याशा काचेभोवती एवढी जाड केबल कशासाठी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रस्त्याच्या खोदकामात तुटलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचा तुकडा सोलून पाहिलात, तर आत चिकट जेली, मधोमध कडक काडी, पिवळे धागे आणि पन्हळी पत्रा निघाला. हे सगळं कशासाठी असतं? आणि घरापासून गोठ्यापर्यंत कॅमेऱ्यासाठी ३०० मीटर फायबर न्यायची आहे, तर घरोघरी इंटरनेटला लावतात ती चपटी काळी ड्रॉप केबल जमिनीत गाडली तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नका गाडू. त्याचं कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

फायबर म्हणजे काचेचा बारीक धागा, ज्यातून सिग्नल प्रकाशाच्या रूपात जातो. त्यातला प्रकाश वाहून नेणारा भाग फार थोडा असतो. सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या फायबरचा कोअर (गाभा) साधारण ९ मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात थोडं जर्मेनियम मिसळून त्याचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप) भोवतीच्या क्लॅडिंगपेक्षा, म्हणजे काचेच्या बाहेरच्या थरापेक्षा, जेमतेम ०.३ ते ०.४ टक्क्यांनी वाढवलेला असतो. क्लॅडिंगसकट काच १२५ मायक्रॉन, आणि वर अ‍ॅक्रिलेटचे दोन थर, आतला मऊ व बाहेरचा कडक, मिळून २५० मायक्रॉन. तुम्हाला जे रंगीत केसासारखे धागे दिसले ते हेच. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा असा ठरलेला क्रम असतो, बारा रंगांचा. स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोकं जोडण्याचं काम, करणारा माणूस त्या क्रमावरच जोड लावतो.

आता मुख्य मुद्दा. काच ताणाला वाटते तितकी कच्ची नसते. कारखान्यात प्रत्येक फायबर सुमारे १ टक्का लांबेल इतका ताण देऊन तपासलेली असते. पण काचेच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा असतातच. त्यांवर कायमचा ताण राहिला आणि ओलावा पोचला, की चिरा हळूहळू वाढतात आणि काही वर्षांनी फायबर आपोआप तुटते. म्हणून केबल बनवणाऱ्याची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते: ओढ केबलने सोसायची, काचेपर्यंत जाऊ द्यायची नाही.

लूज ट्यूब रचना त्यासाठीच आहे आणि मला ती या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. फायबर ट्यूबमध्ये सैल ठेवतात, ट्यूबपेक्षा किंचित लांबच. मग या ट्यूब मधल्या काडीभोवती पीळ देऊन गुंडाळतात. केबल ताणली गेली की फायबर ट्यूबच्या आत केंद्राकडे सरकते, आकसली की बाहेरच्या बाजूला. म्हणजे केबल थोडीफार लांबली तरी काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. पीळही काही फेरे एका दिशेने, मग उलट्या दिशेने दिलेला असतो. त्यामुळे मधेच केबल सोलून एखादी ट्यूब न कापता बाहेर काढता येते.

मधली कडक काडी काचतंतू आणि रेझिनची, तिला एफआरपी म्हणतात. ती ओढ तर सोसतेच, पण तिचं दुसरं काम बरेच जण विसरतात. बाहेरचं पॉलिथिन तापमानाने काचेच्या शेकडो पट प्रसरण-आकुंचन पावतं. थंडीत ते आकसलं, तर आतली काच वेटोळी होऊन सिग्नल गळायला लागेल. ते आकसणं ही काडी रोखून धरते. पिवळे धागे अरामिडचे, तेही ओढीसाठी. डक्टमधून, म्हणजे जमिनीतल्या पाइपमधून, केबल ओढताना दोर या धाग्यांना आणि काडीला बांधायचा असतो. नुसत्या बाहेरच्या आवरणाला बांधून ओढलेली केबल दिसली की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या ओढीचा परिणाम त्या दिवशी मीटरवर दिसत नाही.

जेली पाण्यासाठी. आवरणाला कुठे भोक पडलं, तर पाणी ट्यूबमधून लांबवर पसरू नये. ट्यूबच्या बाहेर हल्ली बहुतेक वेळा कोरडी पट्टी किंवा दोरा असतो. त्यातली पूड पाणी लागताच फुगून वाट बंद करते, डायपरमध्ये असते तशीच. पन्हळी पत्रा उंदीर-घुशींसाठी आणि वरून येणाऱ्या दाबासाठी. त्यावर काळं एचडीपीई, म्हणजे टणक पॉलिथिनचं आवरण.

आता ड्रॉप केबल पाहा. दोन्ही बाजूंना बारीक काड्या आणि मधे घट्ट बसवलेली काच. ना जेली, ना पत्रा, ना सैलपणा. खांबावरून घरात यायला ती उत्तम. तिच्यात बहुधा जी.६५७.ए२ प्रकारची फायबर असते, म्हणजे ७.५ मिमी त्रिज्येचं वळणही सोसणारी. पण वळण सोसणं वेगळं आणि ओल्या मातीत घुशींच्या दातांखाली टिकणं वेगळं.

तुम्ही युनिट्यूब आर्मर्ड केबल घ्या, ४ किंवा ६ कोअरची; बाजारात इथे कोअर म्हणजे एकेक फायबर. एकच ट्यूब, भोवती पत्रा. दोन कोअर वापरा, उरलेले राखीव. शेतात नांगर-ट्रॅक्टर फिरतो, तेव्हा एचडीपीई पाइपमधून, नांगराच्या फाळाच्या बऱ्याच खाली टाका. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या २० पटींपेक्षा कमी होऊ देऊ नका.

काम झाल्यावर ओटीडीआरवर, म्हणजे फायबरमध्ये कुठे किती सिग्नल गळतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर, १३१० आणि १५५० नॅनोमीटर या प्रकाशाच्या दोन्ही तरंगलांबींची रीडिंग घ्यायला सांगा. वळणावर १५५० जास्त गळतो. एखाद्या जागी १५५० वर घट जास्त आणि १३१० वर कमी दिसली, तर तिथे केबल मुडपली आहे असं समजा. दोन्हींवर सारखीच घट असेल तर जोड पुन्हा करून घ्या.

आणि पत्रा वीज वाहतो. उघड्या रानात वीज पडते, म्हणून घराच्या टोकाला पत्र्याला अर्थिंग द्या, आणि दोन्ही टोकांना तो यंत्रांच्या पेटीच्या बाहेरच कापा. आत फक्त ट्यूब जाऊ द्या.