घोडा का अडला?

प्रिय बाळा,

तुझं पत्र परवा मिळालं. घोडा फाटकाशी येऊन थांबतो, टाच दिली की कान मागे टाकतो आणि जागचा हलत नाही, म्हणून आता बुटाच्या टाचेला स्पर, म्हणजे धातूची टोचणी, लावू का, असं तू विचारलंस. इतक्यात लावू नकोस.

आजीचं कोडं तुलाही आठवत असेल: घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? न फिरवल्यामुळे. यातलं घोड्याचं उत्तर मी अगदी शब्दशः घेतो. दोन दिवस ठाणावर बांधलेला, तरी पूर्ण दाणा खाल्लेला घोडा कामाला काढला की कधी थोड्याच वेळात आखडतो. घाम फुटतो, मागच्या पायांवरचे पुठ्ठे दगडासारखे लागतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. आत स्नायू तुटत असतात. अशा वेळी त्याला एक पाऊलही बळजबरीने चालवायचं नाही. खोगीर काढ, पाणी दाखव आणि डॉक्टरांना बोलव. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

माझी स्वतःची चूक सांगतो. नोव्हेंबर होता, गवत वाळलेलं. रिकिबीत पाय टाकला की घोडी अंग चोरायची. मी तिला अडेलतट्टू ठरवलं आणि चार दिवस स्परने पुढे काढली. पाचव्या दिवशी घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराने खोगीर उतरवलं, त्याखालची गादी उलटी केली आणि तिच्यावरून सावकाश तळवा फिरवला. एका जागी हात थांबला. शिवणीत कुसळ रुतलं होतं, आणि घोडीच्या पाठीवर बरोबर तिथेच चण्याएवढी गाठ होती. ‘आधी तिले काय दुखते ते पाह्य, मंग टाच मार,’ एवढंच तो बोलला. बरगडीवर माझ्या स्परने केस गेलेले दोन गोल डाग होते. पाठ लवकर बरी झाली. पण माझी टाच नुसती हलली तरी ती पुढे कित्येक महिने दचकायची.

म्हणून गादी, तंगाखालची (खोगिराच्या पोटपट्ट्याखालची) कातडी, ओठांचे कोपरे, दात, खुरातला खडा हे सगळं आधी बघ. उन्हाचंही बघ. भारवाहू जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ त्यांना जुंपायचं नाही. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तुझ्या घोड्यालाही तेवढी सवलत दे.

काहीच दुखत नसेल, तर छडी घे. पोटरीने हलका दाब दे आणि क्षणभर थांब. नाही हलला तर पोटरीच्या लगेच मागे छडीची एक टिचकी, तीही मनगटातून. हात उगारायचा नाही. त्याआधी लगाम एका हातात घे, नाहीतर त्याच झटक्यात तोंड ओढलं जातं आणि त्याला ‘चल’ आणि ‘थांब’ एकदमच सांगितलं जातं. तुझं निम्मं अडतंय ते इथेच, असं मला वाटतं. मागच्या वेळी तुझे हात मी पाहिलेत. एक पाऊल टाकलं की लगेच दाब सोड, मान थोपट. ती सुटकाच त्याला शिकवते.

तरीही पाय रोवले तर पुढे रेटू नकोस, फिरव. समोर तोंड करून घोडा दिवसभर उभा राहील. मान वळवून पुठ्ठा बाजूला सरकवायला लावला की पाऊल उचलावंच लागतं.

आणि स्पर? ते बारीक खुणेसाठी असतात, वेगासाठी नाहीत. दुडकीत तुझी टाच अजून झुलते, म्हणजे दर पावलाला बरगडीत टोचणार, आणि महिनाभरात घोडा त्याकडे लक्ष देईनासा होईल. उडीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब छडी चालत नाही, सलग तीनपेक्षा जास्त फटके मारता येत नाहीत, आणि स्परने रक्त आलं तर स्वारावर कारवाई होते. कातडी तिथल्या घोड्याची आणि तुझ्या घोड्याची सारखीच आहे. माशी बसली तरी तेवढीच जागा थरथरते, पाहिलंस ना? रिकिबीविना वीस मिनिटं दुडकी करून पाय स्थिर राहिले, की आखूड, गोल टोकाचे स्पर मी स्वतः तुझ्या बुटांना बांधीन.

रविवारी सहाला ये, ऊन चढायच्या आत. गादी घेऊन ये, उलटी करून पाहू.

तुझा,
काका