सनस्क्रीनमधले धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात गेल्यावर तसेच तरंगत राहतात का?

बहुतेक वेळा नाही. पण पवई तलाव आणि जुहूचा समुद्र इथलं त्यांचं वागणं सारखं नसतं.

१०० नॅनोमीटरहून लहान असलेल्या या कणांवर विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून सुटे राहतात. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तो भार झाकतात, कण चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि तळाच्या गाळात बसतात. तलावात क्षार कमी. शिवाय कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली ह्युमिक आम्लं कणांवर लेप चढवतात, त्यामुळे ते बराच काळ तरंगतात. मिठी नदी पवई-विहारकडून माहीमच्या खाडीपर्यंत येते. भरतीचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे हे चित्र पालटतं.

धातू कोणता, हेही तितकंच महत्त्वाचं. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळत नाही. झिंक ऑक्साइड विरघळतो, पाणी आम्लधर्मी असेल तर आणखी वेगाने, आणि सुटलेले जस्ताचे आयन शेवाळाला व पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना अपायकारक ठरू शकतात.

म्हणून नुसत्या ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यातल्या प्रयोगांवरून खाडीबद्दल निष्कर्ष काढू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. आणि कण तळाशी बसला की प्रश्न मिटला, असंही नाही: खेकडे आणि तिसऱ्या (शिंपले) त्याच गाळात राहतात, भरती-ओहोटीत तो गाळ पुन्हा ढवळला जातो.