सिरॅमिकला ‘चिनी माती’ म्हणावं का?

प्रश्न : वसाहतींच्या इतिहासावर सिरॅमिकमधून काम करणाऱ्या एका कलाकार-डिझायनरच्या प्रदर्शनाचा मजकूर मराठीत करायचा आहे. ‘सिरॅमिक’ला सरसकट ‘चिनी माती’ चालेल का? आणि ‘कलोनियल लेगसी’ म्हणजे ‘वसाहतवादी वारसा’च ना?

उत्तर : सरसकट नको. रोजच्या बोलण्यात बरणी, बशी, बेसिन सगळंच चिनी मातीचं असतं आणि ते खपून जातं. पण ‘माती कुठली, कुणी आणली, कशासाठी’ हाच ज्या कामाचा विषय आहे, तिथे हा शब्द घात करतो. सिरॅमिकमध्ये मडकं, वीट, कौल हेही येतं. चिनी माती म्हणजे मुळात केओलिन ही पांढरी माती. केओलिन हे नावही चीनमधल्या जिंगडेझेनजवळच्या काओलिंगवरून आलं.

विलो पॅटर्न या प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या नक्षीची ताटली घ्या. पॅगोडासारखं घर, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी, सगळं निळ्यात. नक्षी दिसते चिनी, पण बेतली गेली इंग्लंडमध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीस. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी कोबाल्टच्या रंगाने पातळ कागदावर उतरवत आणि तो कागद एकदा भाजलेल्या ताटलीवर दाबत. काठाची पट्टी जिथे जुळवली, तिथे सांधा नीट पाहिल्यास सापडतो. ताटली बहुतेकदा अर्थनवेअरची, म्हणजे कमी तापमानाला भाजलेल्या, पाणी शोषणाऱ्या मातीची. तिला ‘चिनी मातीची’ म्हटलंत, तर इंग्रजांनी केलेली नक्कल वाचकाला अस्सल चिनी माल वाटेल आणि कलाकाराचा मुद्दाच बुडेल.

बोन चायनाचंही तेच : नावात ‘चायना’, पण घडण इंग्लंडची. त्यात साधारण निम्मी हाडांची राख, पाव केओलिन, पाव कॉर्निश स्टोन (कॉर्नवॉलचा एक दगड). केओलिन इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं, जिथल्या मातीवर विल्यम कुकवर्दीने १७६८ मध्ये पोर्सलिनचं (केओलिनपासून केलेल्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकचं) पेटंट घेतलं.

म्हणून अर्थनवेअर, स्टोनवेअर, पोर्सलिन, बोन चायना हे शब्द देवनागरीत तसेच ठेवा. स्टोनवेअरला ‘दगडी भांडी’ लिहिलं की दगड कोरून केलेली वाटतात. अर्थनवेअर साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजतात, स्टोनवेअर १२०० ते १३०० ला. वस्तू समोर असेल तर तळाच्या झिलई (काचेसारखा लेप) नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. पटकन जिरला तर अर्थनवेअर. तळाला पूर्ण झिलई असेल तर या परीक्षेचा उपयोग नाही.

ग्लेझला ‘झिलई’ हा आपला चांगला शब्द आहे. ‘मुलामा’ नको, तो धातूचा. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली की तिच्यावर बारीक रेषांचं जाळं उठतं. त्याला ‘तडा’ लिहू नका. तडा म्हणजे भांडंच फुटायला आलेलं. पुष्कळदा हे जाळं मुद्दाम आणलेलं असतं.

आता ‘वारसा’. वारसास्थळ, वारसा जतन अशा वापरामुळे या शब्दाला अभिमानाचा वास येतो. टीकात्मक कामासाठी मी ‘वसाहतकाळाच्या खुणा’ किंवा ‘वासाहतिक राजवटीचे परिणाम’ असं लिहीन. ‘वसाहतवादी’ हे विशेषण धोरणाला, विचाराला, माणसाला लावावं. त्या काळातल्या वस्तूला ‘वसाहतकालीन’. बाझेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढून घडवलेलं कौल वसाहतकालीन आहे. ते वसाहतवादी होतं का, हे कलाकाराला मांडू द्या.

वस्तूखालची पाटी अशी करता येईल : ‘अर्थनवेअर, कोबाल्टची छापील नक्षी, पारदर्शक झिलई’.